आमची वाटचाल : आधी काय दिसावं?

आम्ही डिझाइनचं काम करतो असं सांगितलं, की समोरचा म्हणतो, "म्हणजे दिसायला छान करून देता." छान दिसायला हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण आमच्याकडे येणारा माणूस खरं तर दुसऱ्याच गोष्टीचे पैसे मोजतो. एका कागदावर किंवा पडद्यावर दहा गोष्टी असतात. त्यांतली कोणती आधी नजरेत भरावी, कोणती मागून यावी आणि कोणती फक्त शोधणाऱ्याला सापडावी, हे कुणीतरी ठरवावं लागतं आणि ते डोळ्यांकडून करवून घ्यावं लागतं. आमची फर्म उभी राहिली ती या कामावर.

सुरुवात दोघांनी केली. मी आणि माझा भागीदार. व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, माहितीपत्रकं, जे येईल ते घ्यायचो. सूचना जवळजवळ ठरलेल्याच असायच्या. "साहेब, लोगो जरा मोठा करा. फोन नंबरही मोठाच ठेवा. सवलत लाल रंगात घ्या, आणि पत्ता बोल्ड करा, लोकांना सापडायला पाहिजे." प्रत्येक सूचना सुटी घेतली तर बरोबर. सगळ्या एकत्र पाळल्या की पानावर काहीच मोठं उरत नाही, कारण मोठेपण शेजाऱ्याच्या तुलनेतच दिसतं. हे आम्हाला कळत होतं, पण ग्राहकाला पटवायचं कसं? धंदा त्याचा, पैसा त्याचा, आणि 'आमच्या नजरेला हे बरं वाटतं' हा काही युक्तिवाद नव्हे.

मग आम्ही वाद घालणं सोडलं आणि दोन प्रूफ, म्हणजे छपाईआधीचे नमुने, न्यायला लागलो. एक त्यांच्या सूचनेप्रमाणे, एक आमचं. त्यांच्याच ऑफिसातल्या, काम न पाहिलेल्या एखाद्याला बोलवायचं, प्रूफ पाच सेकंद दाखवायचं, पालथं घालायचं आणि विचारायचं, काय आठवतंय? ग्राहक शेजारी उभा राहून ऐकायचा. निर्णय बहुतेक वेळा तिथल्या तिथे व्हायचा. ही पद्धत आम्ही अजून सोडलेली नाही; काम कितीही मोठं असो, हे पाच सेकंद त्यात असतातच.

या पाच सेकंदांत काय घडतं, हे समजून घ्यायला आम्ही वाचायला लागलो आणि तिथून कामाची दिशा बदलली. हात लांब करून अंगठा धरला, तर त्याच्या नखाएवढ्या जागेतलंच आपल्याला अगदी स्पष्ट दिसत असतं. दृष्टिपटलाच्या मध्यावरचा बारीकसा खळगा तेवढंच तपशिलात टिपतो, बाकी सगळं धूसर. तरी आपल्याला पूर्ण चित्र स्पष्ट वाटतं, कारण डोळे सेकंदाला साधारण तीन वेळा उड्या मारून जागा बदलतात आणि मेंदू ते तुकडे जोडतो. म्हणजे पाच सेकंदांत नजर जेमतेम पंधरा ठिकाणी टेकते. पुढची उडी कुठे मारायची हे त्या धूसर भागात काय वेगळं जाणवतंय त्यावर बरंचसं ठरतं. राखाडी ठिपक्यांतला एक लाल ठिपका शोधावा लागत नाही, तो आपणहून पुढे येतो. तेच लाल, हिरवे, गोल, चौकोनी असे सगळे मिसळले आणि 'लाल चौकोन शोधा' म्हटलं, की एकेक चिन्ह तपासत बसावं लागतं. वेगळेपणा एकाच गुणात आणि एकाच जागी ठेवला, तर नजर फुकट मिळते. म्हणून आमच्याकडे एका पानावर एकच गोष्ट 'वेगळी' असते. दुसरी वेगळी करायची असेल, तर पहिलीचं काय करायचं ते आधी सांगायचं.

मध्यंतरीचा बराच काळ आमचं घर फॉर्मवर चाललं. नोंदणीचे, विम्याच्या दाव्याचे, दवाखान्यात भरून घेतात तसे. या कामाला कुणी हात लावायला तयार नसतं, त्यामुळे ते आमच्याकडे यायचं, आणि मला ते मनापासून आवडतं. एका फॉर्मवर प्रत्येक शब्द वरच्या आणि खालच्या चौकटीच्या बरोबर मध्ये छापलेला होता. लोक जन्मतारखेच्या जागी पत्ता लिहीत आणि मग खोडत. ग्राहकाचं म्हणणं होतं की ठळक रेघा मारून भाग पाडा. आम्ही एकही रेघ वाढवली नाही, उलट होत्या त्या बऱ्याचशा काढल्या. फक्त प्रत्येक शब्द त्याच्या चौकटीजवळ काही मिलिमीटर सरकवला आणि वरच्या चौकटीपासून तेवढाच लांब नेला. खाडाखोड कमी झाली. जवळ असेल ते एकत्रच असणार, असं डोळा धरून चालतो. माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने 1923 साली हे नियम मांडले : जवळची, सारखी दिसणारी, एका ओघात जाणारी चिन्हं आपण एका गटात टाकतो. आपल्या देवनागरीत तर शिरोरेघच हे काम करते, अक्षरं बांधून शब्द करते. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून कुणी अक्षरांमधली जागा ताणली आणि शिरोरेघ तुटली, की शब्दाचे तुकडे होतात आणि वाचणारा अडखळतो. ते आम्ही कधीच करत नाही.

रंगाचं शिक्षण मात्र एका तक्रारीतून मिळालं. एका ग्राहकासाठी फोल्डर छापले होते, काही पिवळे, काही निळे, आणि दोन्हींवर राखाडी पट्टी. ग्राहक म्हणाला, "राखाडी दोन्हीकडे वेगळा आलाय." छापखान्यातले काका म्हणाले, "एकाच डब्यातली शाई आहे, हवं तर डबा दाखवतो." आम्ही एका पांढऱ्या जाड कागदाला दोन खिडक्या पाडल्या आणि तो दोन्ही फोल्डरांवर असा ठेवला की फक्त पट्ट्या दिसाव्यात. राखाडी हुबेहूब सारखा. कागद उचलला, की पिवळ्यावरचा निळसर आणि निळ्यावरचा पिवळसर. ग्राहकाने तो कागद पुन्हा पुन्हा ठेवून-उचलून पाहिला. दोघंही खरं बोलत होते.

पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात हाच पेच फार पूर्वी पडला होता. तिथे भिंतीवर टांगायची चित्रवस्त्रं विणली जात. काळा धागा निळ्या-जांभळ्याच्या शेजारी फिका दिसतो अशी तक्रार होती. रंगाई विभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी तपासलं तर काळ्या रंगात दोष नव्हता, तो शेजारच्या रंगांचा परिणाम होता. 1839 मध्ये त्यांनी त्याचे नियम प्रसिद्ध केले. आमच्या फोल्डरांच्या पुढच्या छपाईत आम्ही मुद्दाम दोन किंचित वेगळे राखाडी दिले, म्हणजे ते सारखे दिसतील. डिझाइनमध्ये असं पदोपदी करावं लागतं. चौकोनाएवढाच उंच गोल काढला तर तो लहान दिसतो, म्हणून थोडा वाढवायचा. व्हिडिओच्या बटणातला त्रिकोण मोजून मध्यावर ठेवला तर डावीकडे सरकलेला वाटतो, म्हणून जरासा उजवीकडे घ्यायचा. मोजपट्टी खरी असली, तरी काम डोळ्यांसाठी करायचं असतं.

आम्हाला सर्वांत जास्त घडवलं ते औषधांच्या वेष्टनांनी. एकच औषध, दोन ताकदींच्या गोळ्या. ग्राहकाला दोन्ही खोके 'एका घरातले' दिसायला हवे होते. नाव मोठं, रंग तोच, मिलिग्रॅमचा आकडा कोपऱ्यात. पण सारखेपणा हीच इथली जोखीम आहे. घाईत हात घालणारा माणूस वाचत नाही, ओळखतो. रंग आणि आकार ओळखीचा वाटला की हात पुढे जातो. आम्ही आकडा नावाला चिकटून, नावाइतकाच मोठा घेतला. एका खोक्याला भरीव पट्टा आणि दुसऱ्याला तिरप्या रेघांचा, म्हणजे रंग न ओळखणाऱ्यालाही किंवा अंधुक उजेडातही फरक कळावा. गोळ्यांची स्ट्रिप कापून चार गोळ्या दिल्या जातात, त्यामुळे मागच्या चंदेरी बाजूला प्रत्येक गोळीमागे नाव आणि ताकद छापली. मग दिवे मंद करून, हाताच्या अंतरावर धरून, औषध देणाऱ्यांकडूनच ते तपासून घेतलं. त्या बैठकीत आमच्या एका सहकारी ताईंनी विचारलेला प्रश्न मी जपून ठेवलाय : "हे चुकून उचललं, तर कळणार कधी?" तेव्हापासून कोणतंही काम घेताना आम्ही तो विचारतो.

पडद्यावरची कामं आली तशी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. माणूस काय पाहतो हे चित्रावर जितकं अवलंबून असतं, तितकंच तो कशासाठी आलाय त्यावरही. रशियन संशोधक यार्बुस यांनी रेपिन या चित्रकाराचं एकच चित्र दाखवून वेगवेगळे प्रश्न विचारले : यातल्या माणसांची वयं काय असतील, घरची परिस्थिती कशी असेल? प्रश्न बदलला की नजरेची वाटच बदलली. 1999 मध्ये सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना चेंडूचे पास मोजायला लावले. मधून गोरिलाच्या वेशातला माणूस चालत गेला, छाती बडवून गेला, आणि जवळपास निम्म्या लोकांना तो दिसलाच नाही.

एका ग्राहकाच्या संकेतस्थळावर महत्त्वाची सूचना उजवीकडे, भडक रंगाच्या लुकलुकणाऱ्या चौकटीत होती, आणि तरी लोक फोन करून तेच विचारत. लोकांनी ती जाहिरात समजून डोळ्यांआड केली होती. आम्ही चौकट काढली, रंग काढला आणि ती दोन वाक्यं साध्या अक्षरात, अर्ज भरायच्या बटणाच्या अगदी वर ठेवली. फोन थांबले. भडक ते ठळक, हे समीकरण मी तेव्हापासून मानत नाही.

आता तपासणीची एक शिस्त बसली आहे. डोळे किलकिले करून पान पाहायचं, अक्षरं विरघळली तरी पानाची मांडणी कळली पाहिजे. काळं-पांढरं करून पाहायचं. लहान अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान 4.5 ला 1 हवं, हा जगभर मान्य झालेला दंडक पाळायचा; फिक्या राखाडी अक्षरांची फॅशन कितीही असो. लाल-हिरव्यात गल्लत होणारी माणसं, त्यातही पुरुष, आपल्याला वाटतात त्याहून बरीच जास्त आहेत. म्हणून 'लाल म्हणजे चूक, हिरवं म्हणजे बरोबर' एवढ्यावर आम्ही थांबत नाही. शेजारी फुली किंवा बरोबरची खूण असतेच.

वार्षिक अहवालांची कामं येऊ लागली, तेव्हा या विद्येची दुसरी बाजू समोर आली. 96 आणि 98 हे दोन आकडे. आलेखातले त्यांचे स्तंभ 0 पासून काढले तर जवळपास सारखे. तेच 95 पासून सुरू केले तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच. एकही आकडा खोटा नाही, आणि पाहणारा मात्र तिप्पट वाढ मनात घेऊन जातो. दुप्पट वाढ दाखवायला वर्तुळाचा व्यास दुप्पट केला, की क्षेत्रफळ चौपट होतं. आकडे वाचायच्या आधी आकार मनात बसलेला असतो. स्तंभ 0 पासूनच सुरू होतील, हे आम्ही कराराआधीच सांगतो. बारीक फरक खरोखर महत्त्वाचा असेल तर रेषालेख किंवा ठिपके वापरतो, कारण तिथे उंचीची तुलना होत नाही.

याच कारणाने काही कामं आम्ही सोडली. एका ग्राहकाला 'सुरू ठेवा' हे बटण मोठं, रंगीत आणि 'रद्द करा' हे फिकट, बारीक, पानाच्या तळाशी हवं होतं. फॉर्म नीट भरला जावा म्हणून जे काही मिलिमीटर आम्ही सरकवले होते, तेच इथे माणूस अडकावा म्हणून सरकवायचे होते. असल्या मांडणीला 2010 मध्ये डिझाइनर हॅरी ब्रिग्नल यांनी 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं. काम मोठं होतं, आणि त्या महिन्यांत आम्हाला त्याची गरजही होती. भागीदाराशी बोललो, नकार कळवला. दोन्ही बटणं सारख्या आकारात ठेवायची असतील तर करू, असंही लिहिलं. उत्तर आलं नाही.

सध्या एका मोठ्या इमारतीचे आणीबाणीत बाहेर पडायचे नकाशे करतोय. ग्राहकाचा पहिला प्रश्न होता की एकच नकाशा सगळ्या भिंतींवर का नको, छपाई सोपी होईल. आम्ही त्यांना कॉरिडॉरमध्ये नेलं आणि एकच नकाशा समोरासमोरच्या दोन भिंतींवर धरला. एका भिंतीवर नकाशातलं डावं आणि आपलं डावं जुळतं. दुसरीवर ते उलटं होतं, आणि मनात नकाशा फिरवावा लागतो. धूर भरलेला असताना ते कुणी करत बसणार नाही. म्हणून प्रत्येक नकाशा त्या भिंतीसमोर उभा असलेला माणूस जिकडे पाहतोय त्या दिशेने फिरवलेला असेल, 'तुम्ही इथे आहात' ही खूण सर्वांत ठळक, बाहेरची वाट एकाच हिरव्या रंगात, आणि बाकी सगळ्या खोल्या फिक्या रेघांत, नावांशिवाय. खोल्यांची नावं हवीतच असा तिथल्या एका विभागाचा आग्रह आहे. त्यांच्यासाठी दोन प्रूफ तयार आहेत, आणि पाच सेकंद पाहायला ते स्वतःच माणूस देणार आहेत.