मांगखुटच्या दिवशी तळघरात

रविवार, १६ सप्टेंबर २०१८. सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी मांगखुट या चक्रीवादळासाठी हाँगकाँगच्या वेधशाळेने १० नंबरचा इशाऱ्याचा बावटा लावला. याच्या वरचा बावटा नाही. हाँगकाँग बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका इमारतीत मी देखभाल अभियंता. पंप आणि वीज माझ्याकडे, म्हणून आदल्या संध्याकाळपासूनच कामावर होतो. घरी गणपती बसलेले, आरती फोनवर ऐकली.

८ नंबर लागला की इथे फेरीबोटी थांबतात, कचेऱ्या बंद होतात, माणसं घर गाठतात. पण समुद्र थांबत नाही. दुपारी तो रस्त्यावर आला. तळघराच्या उतारावर आम्ही फळ्या आणि वाळूच्या गोण्या लावल्या होत्या. पाणी त्यांच्या काठाला टेकलं आणि मग वरून सांडू लागलं. वीजखोलीच्या उंबऱ्यापर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. पंप घोंघावत होते आणि वर वाऱ्याने सगळी इमारत हलत होती.

आमचे वयस्कर पहारेकरी बॅटरी धरून शेजारी उभे होते. १ सप्टेंबर १९६२ ला वांडा हे चक्रीवादळ आलं तेव्हा ते तोलो खाडीकाठच्या शा टिनमध्ये राहायचे, लहान होते. या खाडीचं तोंड चिंचोळं; वाऱ्याने आत लोटलेलं पाणी पसरायला जागा नव्हती, ते गावात शिरलं. शहरात १८३ जण मेले किंवा बेपत्ता झाले. त्याच खाडीकाठच्या वस्त्या १९३७ च्या वादळानेही धुऊन नेल्या होत्या, तेव्हा बळी सुमारे ११,००० होते. १९०६ मध्ये तर इशारा आणि वादळ जवळजवळ बरोबरच आले. होड्यांवर संसार करणारी हजारो माणसं बंदरातच बुडाली. त्यानंतर बंदराकाठच्या याउ मा तेईला होड्यांसाठी बांध घालून आसरा केला, तो १९१५ मध्ये पुरा झाला.

मांगखुटमध्ये हाँगकाँगात एकही माणूस दगावला नाही. याचं श्रेय मी बांध, बावटे आणि वेळेवर घरी जाणाऱ्या लोकांना देतो. समुद्राला मात्र मुळीच देत नाही. क्वॉरी बेच्या (वांडाच्या वेळी शेजारच्या नॉर्थ पॉइंटच्या) मोजणीकेंद्रावर वांडाने पाणी भरतीच्या नेहमीच्या पातळीपेक्षा १.७७ मीटर चढवलं होतं, मांगखुटने २.३५ मीटर. तरी पाण्याची एकूण उंची (सागरी नकाशांच्या शून्य पातळीपासून) वांडाच्या वेळी ३.९६ मीटर आणि मांगखुटच्या वेळी ३.८८ मीटर भरली, कारण मांगखुटचा जोर ऐन भरतीवर आला नाही. ऐन भरतीला आलं असतं तर आमच्या फळ्या पाण्याखाली गेल्या असत्या.

रात्री ७ वाजून ४० मिनिटांनी १० नंबर उतरला. सोमवारी रस्तोरस्ती झाडं आडवी पडली होती. तळघर उपसून झाल्यावर मी व्यवस्थापनाला नव्या, अधिक उंच फळ्यांची मागणी लिहून दिली आणि त्यात हेच भरतीचं गणित मांडलं.