मास्तर जेव्हा इन्स्पेक्टर होतो

इंग्लंडमध्ये सरकारी शाळा तपासणाऱ्या पूर्णवेळ अधिकाऱ्याचं पदनाम आजही ‘हिज मॅजेस्टीज इन्स्पेक्टर’ असंच आहे. शाळांमधून त्याला नुसतं एचएमआय म्हणतात. नेमणुकीला प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाच्या, बैठकीत राजाची मंजुरी लागते आणि काम ‘ऑफस्टेड’ या शाळा-तपासणी खात्यासाठी करायचं असतं. या पदावर येणारी माणसं बहुतेक शाळेतूनच येतात. आधी वर्गशिक्षक, मग विषयप्रमुख, पुढे उपमुख्याध्यापक किंवा मुख्याध्यापक, आणि मग इथे. इंग्लंडमध्ये शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांकडून या वाटेची चौकशी होत असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मुख्य मुद्दा आधीच सांगतो: ज्या गुणांमुळे माणूस चांगला शिक्षक होतो, त्यांतले काही तपासणीच्या कामात बाजूला ठेवावे लागतात, आणि नव्या इन्स्पेक्टरचा सगळ्यात जास्त घाम तिथेच निघतो.

या पदापर्यंत शिक्षकांना पोचायलाच फार वर्षं लागली. डिसेंबर १८३९ मध्ये पहिले दोन इन्स्पेक्टर नेमले गेले. जॉन ॲलन हे पाद्री होते आणि ह्यू ट्रेमेनहीर वकील. प्राथमिक शाळेत खडू हातात धरलेला त्यांच्यात कोणीच नव्हता. तरी सुरुवातीच्या सूचना चांगल्या होत्या: शाळांवर हुकमत गाजवायची नाही, मदत करायची. १८६२ च्या नव्या नियमावलीने त्यावर पाणी फिरवलं. सहा वर्षांवरच्या मुलाच्या वर्षभरात २०० हजेऱ्या भरल्या, की त्याच्यापोटी शाळेला ८ शिलिंग मिळणार. पण इन्स्पेक्टरच्या परीक्षेत वाचन, लेखन, गणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होईल त्या प्रत्येकाचे २ शिलिंग ८ पेन्स कापले जाणार. म्हणजे तिन्ही विषयांत नापास झालं की आठच्या आठ शिलिंग गेले. मग व्हायचं तेच झालं. पोरांकडून वाचनाचं पुस्तक तोंडपाठ करून घेतलं जाऊ लागलं, इतिहास-भूगोल मागे पडले आणि इन्स्पेक्टर म्हणजे शाळेच्या पोटावर पाय देणारा माणूस झाला. निकालावर अनुदान देण्याची हीच रीत आपल्या मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही लागू झाली होती.

एक फरक मात्र नोंदवायला हवा. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे हिंदुस्थानातल्या शिक्षणाचं धोरण ठरवणाऱ्या सरकारी पत्रानंतर, मुंबई इलाख्यात शिक्षणखातं उभं राहिलं. वरच्या जागा साहेबांकडे राहिल्या, पण डेप्युटीच्या जागांवर इथले शिक्षक चढू शकत होते. लोकमान्य टिळकांचे वडील गंगाधरपंत रत्नागिरीला शिक्षक होते. ते असिस्टंट डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर झाले आणि १८६६ मध्ये कुटुंब पुण्याला आलं. त्याच काळात इंग्लंडमधला प्राथमिक शिक्षक फार तर इन्स्पेक्टरचा मदतनीस होऊ शकत होता. मुख्य जागा ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदवीधरांसाठी असत. १९११ मध्ये शिक्षणखात्याचं एक गोपनीय परिपत्रक फुटलं. चीफ इन्स्पेक्टर राहिलेल्या एडमंड होम्स यांनी ते लिहिलं होतं. प्राथमिक शिक्षकांतून वर आलेले स्थानिक इन्स्पेक्टर संस्कारहीन आणि अर्धवट शिकलेले आहेत, असा त्याचा सूर होता. शिक्षक संघटना खवळल्या, संसदेत गदारोळ झाला आणि खात्याचे सचिव रॉबर्ट मोरँट यांना दुसऱ्या खात्यात जावं लागलं. आज इन्स्पेक्टर शाळेतूनच यावा हे सगळे गृहीत धरतात. त्यामागे हा अपमान आहे, तो विसरू नये.

आता आजचं काम. १९९२ च्या कायद्याने ऑफस्टेड आलं आणि १९९३ पासून ठरावीक चक्राने तपासण्या सुरू झाल्या. तेव्हा शाळेला कित्येक महिने आधी कळत असे. त्या काळात फायली रंगत, भिंती सजत आणि शिक्षक आजारी पडत. ही मुदत कमी होत होत आता एका दिवसावर आली आहे. नेहमीच्या तपासणीचा फोन सोमवारी येतो, इन्स्पेक्टर मंगळवारी सकाळी दारात. तयारीला वेळच दिला नाही तर शाळा रोज असते तशी दिसेल, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण दर सोमवारी सकाळी फोनकडे कान लावून बसणाऱ्या मुख्याध्यापकाच्या जिवाला काय होतं, तेही खरं आहे.

सोमवारच्या फोनवरच अर्धी तपासणी होते. मुख्याध्यापकाला शाळा समजावून सांगू द्यायची: मुलं कुठल्या वस्तीतून येतात, किती जणांना विशेष मदत लागते, गेल्या वर्षी काय बदललं, काय जमलं नाही. नवा इन्स्पेक्टर इथे फार बोलतो. आपणही मुख्याध्यापक होतो, त्या आपलेपणातून स्वतःच्या शाळेचे दाखले देतो. समोरचा लगेच ओळखतो की या माणसाला काय आवडतं, आणि पुढचे दोन दिवस तेच दाखवतो.

वर्गात शिरल्यावर दुसरी खोड आड येते. मूल अडलेलं दिसलं की शिक्षकाचा हात आपोआप वहीकडे जातो. तो आवरायचा. आपण समजावून दिलं, तर या वर्गात अडलेल्या मुलाकडे लक्ष जातं का, किती वेळाने जातं, हे कधीच कळत नाही. एकेका तासाला श्रेणी देणं २०१४ च्या सुमारास बंद झालं. वीस मिनिटांच्या भेटीवरून शिक्षकाची किंमत ठरवता येत नाही, हे तेव्हा मान्य झालं. त्यामुळे आता वर्गातली फेरी शाळेच्याच एखाद्या वरिष्ठ शिक्षकासोबत होते. फेरीनंतर त्यालाच विचारायचं: तुम्हाला काय दिसलं? त्याला जे दिसतं आणि जे दिसत नाही, त्यातून शाळेच्या नेतृत्वाबद्दल बरंच कळतं.

वह्या हा माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक पुरावा. सुबक वह्या मागायच्या नाहीत. ज्यांचं वाचन कच्चं आहे, ज्यांची गैरहजेरी जास्त आहे, अशा पाच-सहा मुलांच्या वह्या घ्यायच्या आणि सप्टेंबरपासून ओळीने पाहायच्या. समजा तिसरीच्या वहीत ५०२ वजा २३७ बरोबर ३३५ असं लिहिलंय. मूल निष्काळजी नाही. त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय: ५ मधून २, ३ मधून ०, ७ मधून २. हातचा घेणं त्याला उमगलेलंच नाही, विशेषतः मध्ये शून्य आल्यावर. आता पानं उलटायची. दोन आठवड्यांनी तीच चूक आहे का? मध्ये शिक्षकाने काही वेगळं केलं का, दशक-एककाचे ठोकळे पुन्हा काढले का, की नुसती लाल फुली मारून पुढचा धडा? मग मुलाला बोलावून म्हणायचं, “हे कसं केलंस, सांग बघू.” तीन मुलांनी तीच चुकीची रीत ठामपणे सांगितली, तर प्रश्न शिकवण्याच्या क्रमात आहे. एकानेच सांगितली, तर निष्कर्ष काढायची घाई करायची नाही. सगळ्या वह्यांत शब्दन् शब्द तीच व्याख्या दिसली तर ती फळ्यावरून उतरवलेली असते. तिचा अर्थ विचारला की लगेच कळतं.

प्राथमिक शाळेत वाचन ऐकणं चुकत नाही. पहिलीच्या वर्षात इथे ध्वनींची, म्हणजे अक्षरांचे ध्वनी जुळवून शब्द वाचण्याची, चाचणी असते, २०१२ पासून. ४० शब्द, त्यांतले २० खरे आणि २० बनावट, म्हणजे मूल चित्रावरून किंवा पाठांतरावरून ओळखू शकणार नाही. अपेक्षित पातळी आजवर ३२ ची राहिली आहे. इन्स्पेक्टर मुद्दाम मागे पडलेल्या मुलांचं वाचन ऐकतो, तेही त्यांच्या ओळखीच्या मोठ्या माणसासमोर. बघायचं एवढंच, की जे ध्वनी शिकवून झालेत तेच हातातल्या पुस्तकात आहेत का. नसतील तर मूल अंदाजाने वाचतं, आणि घरी आई-बाबांना वाटतं की त्याला वाचनाची आवडच नाही.

मुलांच्या सुरक्षिततेचा भाग कोरडा वाटतो, पण तिथे ढिलाई चालत नाही. प्रत्येक कर्मचाऱ्याची ओळख, पोलीस-पडताळणी, शिकवण्यावर बंदी नसल्याची खात्री, हे सगळं एका नोंदवहीत असावं लागतं. ती तपासून झाली की दुपारचं जेवण वाढणाऱ्या बाईंना विचारायचं, “एखाद्या मुलाने तुम्हाला घरचं काही वाईट सांगितलं, तर तुम्ही काय कराल?” त्यांना कोणाकडे जायचं हे न अडखळता सांगता आलं पाहिजे. हजेरीपटावरून अचानक कमी झालेली नावंही शोधायची. परीक्षेच्या वर्षाआधी कच्ची मुलं गायब होत असतील, तर तो सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे सल्ला. चहा घेता घेता इन्स्पेक्टर म्हणतो, “आमच्या शाळेत आम्ही वेगळ्या रंगाच्या शाईने तपासायचो.” पुढच्या महिन्यात आसपासच्या शाळांमधले शिक्षक दोन-दोन रंगांची पेनं घेऊन रात्री उशिरापर्यंत बसलेले असतात, कारण ‘ऑफस्टेडला असंच हवं असतं’. ऑफस्टेडला तपासण्याची अमुक पद्धत किंवा पाठटाचण अमुक नमुन्यातच हवं, असं काही नाही, हे खात्याला जाहीरपणे लिहून द्यावं लागलं.

शब्दांचं वजन किती असतं, ते २०२३ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. शाळेला सर्वांत खालची श्रेणी मिळणार हे कळल्यावर एका मुख्याध्यापिकेने जानेवारीत आयुष्य संपवलं. तपासणीचा त्यात वाटा होता, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने डिसेंबरमध्ये दिला. जानेवारी २०२४ मध्ये तपासण्या काही काळ थांबवून सगळ्या इन्स्पेक्टरांना मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना एका शब्दाची एकूण श्रेणी देणं बंद झालं. नोव्हेंबर २०२५ पासून प्रगतिपुस्तकासारखा अहवाल आहे: समावेशन, अभ्यासक्रम व अध्यापन, निष्पत्ती, हजेरी व वर्तन, व्यक्तिगत विकास, नेतृत्व अशा प्रत्येक बाबीला ‘एक्सेप्शनल’पासून ‘अर्जंट इम्प्रूव्हमेंट’पर्यंत पाच पायऱ्यांपैकी एक. शाळा आपल्यातला एक वरिष्ठ माणूस नेमते, तो दोन्ही दिवस इन्स्पेक्टरांच्या संपर्कात राहतो आणि खटकलेली गोष्ट तिथल्या तिथे बोलून दाखवतो. एक शब्द गेला हे चांगलंच झालं. पण सहा-सात शब्द आले की सहा-सात जागी वाद होऊ शकतो, म्हणून पुराव्याच्या नोंदी आता आणखी नेमक्या लागतात. “मुलं रमली होती” ही नोंद काहीच कामाची नाही. कोणत्या वर्गात, काय शिकवताना, कोणाला काय आलं, कोणाला नाही, हे लिहावं लागतं.

मराठी शिक्षकांसाठी व्यवहाराचं थोडं. पहिली अट म्हणजे इंग्लंडची शिक्षक-पात्रता, म्हणजे क्यूटीएस. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात पात्र ठरलेले गणित, विज्ञान आणि भाषांचे शिक्षक, ११ ते १६ वयोगटाला शिकवणारे, तिच्यासाठी थेट अर्ज करू शकतात. पण क्यूटीएस ही फक्त सुरुवात. इन्स्पेक्टरच्या जाहिरातीत शाळेतल्या वरिष्ठ जबाबदारीचा अनुभव मागतात, आणि नुसता विषय शिकवून तो मिळत नाही. एखाद्या विषयाची किंवा विशेष गरजांच्या मुलांची जबाबदारी मागून घ्या. मुख्याध्यापक असाल तर नोकरी सांभाळून वर्षातले काही दिवस करारावर इन्स्पेक्टर म्हणून काम करता येतं. पूर्णवेळ एचएमआयचं मुख्यालय त्याचं घर असतं, पण आठवड्यातल्या दोन-तीन रात्री परगावच्या हॉटेलात जातात. पोरं लहान असतील तर घरी हे आधी बोलून घ्या. जिथे आपण शिकवलं किंवा आपलं माणूस काम करतं, ती शाळा तपासता येत नाही. सुरुवातीला अनुभवी इन्स्पेक्टरबरोबर नुसतं बसायचं, मग त्याच्या चमूत काम करायचं, आणि तपासणीचं नेतृत्व त्यानंतर.