ऐन एप्रिलमध्ये ओली भिंत

व्यावसायिक इमारतींच्या रंगकामाचे नियोजन करून देणे हा माझा व्यवसाय आहे. प्रत्यक्ष रंग कंत्राटदार लावतो. त्याआधी इमारत तपासणे, मापे काढणे, कामाचा क्रम ठरवणे आणि निविदेचा मसुदा करणे एवढे माझ्याकडे येते. ठाणे स्थानकाजवळच्या एका चार मजली व्यापारी संकुलाची पाहणी मात्र नेहमीसारखी झाली नाही. दुपारनंतर तेथे रंगाचा विषयच मागे पडला.

संकुलात तळमजल्यावर सराफाचे दुकान, फरसाणवाले आणि एक औषधविक्रेता, वर दवाखाने, करसल्लागारांची कार्यालये आणि तिसऱ्या मजल्यावर शिकवणी वर्ग. समितीने माझ्याआधीच दोघांकडून चौरस फुटाचे दर मागवले होते. दोन्ही पत्रांत ‘एक हात प्रायमर, दोन हात रंग’ यापलीकडे काही नव्हते. भिंत कोणत्या अवस्थेत आहे, याचा उल्लेख कोणीच केला नव्हता. सेक्रेटरींची अट एकच होती : “मॅडम, मृग लागायच्या आत बाहेरचा रंग झाला पाहिजे.” एप्रिल सरत आला होता.

आम्ही गच्चीवरून सोडलेल्या झुल्यातून पश्चिमेच्या, म्हणजे मागच्या गल्लीकडच्या भिंतीपासून सुरुवात केली. कोकणपट्टीत पावसाचा मारा प्रामुख्याने याच दिशेने येत असल्याने सगळ्यात अधिक खराबी तेथेच सापडते. माझ्यासोबतचे मुकादम लहान हातोडीने गिलावा ठोकत खाली येत होते आणि जेथे आवाज भद्द येई तेथे खडूने गोल करत होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये हे गोल एकमेकांना चिकटून एक लांबट पट्टाच तयार झाला. त्या पट्ट्यात पांढरा क्षार फुटला होता, आणि एका तुळईच्या खालच्या कडेचे काँक्रीट सुटून सळई दिसत होती. सळई गंजली की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट होते आणि ते भोवतीचे काँक्रीट ढकलून फोडते. अशा जागेवर कितीही महाग रंग लावला तरी तो काँक्रीटसकट खाली येतो.

येथवर नवल काही नव्हते. खटकले ते ओलाव्याच्या मीटरचे चढे आकडे. सुयांचे हे मीटर बहुधा लाकडासाठी बेतलेले असते आणि भिंतीतले क्षारही त्याला फसवतात, म्हणून त्याचा आकडा मी केवळ कोरड्या जागेशी तुलना करण्यापुरता धरते. खात्रीसाठी आदल्या संध्याकाळी शिकवणी वर्गाच्या आतल्या बाजूने १८ इंच चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून ठेवला होता. सकाळी त्याच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब जमलेले होते. ऑक्टोबरपासून पाऊस नाही, गच्चीचे जलरोधक काम अलीकडचे, शेजारी स्वच्छतागृह नाही, आणि तरी भिंत ओली. शिकवणीच्या शिपायाने सहज सांगितले, “मॅडम, परीक्षांच्या दिवसांत इथे रंगाला फुगे जास्त येतात.” परीक्षा म्हणजे फेब्रुवारी-मार्च, म्हणजे उकाड्याची सुरुवात, म्हणजे दिवसभर चालणारे एसी.

वर्गातल्या दोन्ही एसींची पाण्याची नळी सजावटीच्या वेळी भिंतीत खाचा पाडून आत गाडली होती. ठाण्याच्या दमट हवेत दीड टनाचा एक एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. आम्ही एका एसीच्या तबकात नीळ मिसळलेले पाणी ओतले आणि मुकादमांना खाली डक्टमध्ये, म्हणजे नळ उतरतात त्या मोकळ्या बोळात, नळीच्या तोंडाशी उभे केले. तेथे थेंबही आला नाही. जेवणानंतर झुल्यातून पाहिले, तर बाहेरच्या खडूच्या पट्ट्यातल्या एका भेगेला निळसर ओघळ आला होता. इतकी वर्षे सगळ्यांनी पावसाला दोष दिला होता आणि गच्चीवर खर्च केला होता.

संध्याकाळच्या बैठकीत मी हिशेब मांडला. नळी बाहेरून फिरवणे, पोकळ गिलावा काढणे, सळईवरचा गंज घासून तिला संरक्षक लेप देणे आणि नवा गिलावा करणे, हे मे अखेरपर्यंत होईल. नव्या गिलाव्याला रंगापूर्वी २८ दिवस तरी द्यावे लागतात, नाहीतर त्यातला ओलावा आणि अल्कली रंग खाऊन टाकतात. हे २८ दिवस संपतात तेव्हा पाऊस ऐन भरात असतो. म्हणून दुरुस्ती आत्ता, रंग दिवाळीनंतर, आणि मधल्या पावसाळ्यात दुरुस्तीची परीक्षा. एका सभासदाने रास्त प्रश्न विचारला, की दोनदा परांची बांधण्याचा खर्च कोण देणार. मे महिन्यात काम मागच्या भिंतीपुरते असल्याने झुल्यावर भागेल, पूर्ण परांची एकदाच लागेल, असे मी सांगितले. तरी थोडा खर्च वाढणार होता आणि तो मी लपवला नाही.

पारडे फिरवले ते सराफशेठांनी. दिवाळीपूर्वी आपल्या पाटीसमोर बांबू उभे राहणार नाहीत, एवढे त्यांनी लेखी मागितले आणि लगेच माझ्या बाजूने हात वर केला. माझ्या २८ दिवसांपेक्षा त्यांची धनत्रयोदशी समितीला लवकर पटली, याचे मला वाईट वाटले नाही.

मग उरलेला वेळ वेळापत्रकात गेला. घासकाम आणि ठोकाठोक दुकाने उघडण्याआधी. तापलेल्या भिंतीवर रंग नीट बसण्याआधीच वाळतो म्हणून पश्चिमेची बाजू सकाळी आणि पूर्वेची दुपारी. मार्गिकांमध्ये धूळ काढताना धूरसूचक झाकायचे आणि रोज काम संपताच उघडायचे. एका भिंतीला एकाच बॅचचे डबे. रंगछटेसाठी छापील कार्ड बाजूला ठेवून प्रत्यक्ष भिंतीवर नमुना लावायचा, आणि तो सकाळी व संध्याकाळी पाहूनच मंजुरी द्यायची.

शेवटचा वाद रकमेवरून झाला. कंत्राटदाराच्या देयकातले पाच टक्के रंगानंतरचा एक पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवावेत, असे मी मसुद्यात घातले होते. दर दिलेल्या दोघांपैकी एकाने या अटीवर माघार घेतली. दुसऱ्याने ती मान्य केली, पण पुढे कोणत्याही गाळेधारकाने भिंतीत नळी गाडली तर हमी रद्द, असे कलम स्वतःहून जोडून मागितले. ते मी मसुद्यात आहे तसे घेतले आणि सगळ्या गाळेधारकांच्या सह्यांसाठी पाठवले.