'डासानंच केलं का?' : पीतज्वराच्या पत्रांसोबत तीन वर्षं

नैरोबीला नोकरी लागलेला एक मुलगा आमच्या कराडच्या दवाखान्यात आला होता. यलो फीवरची, म्हणजे पीतज्वराची, लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि निघण्याआधी निदान दहा दिवस घ्यावी लागते, एवढं मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं विचारलं, "मॅडम, आपल्याकडे हा रोगच नाही, मग लस कशाला?" म्हटलं, रोग नाही, पण डास आहे. डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्तीची मादी पीतज्वरही पसरवते, आणि ती आपल्या गच्चीवरच्या टाक्यांत, कुंड्यांखालच्या बशांत सुखानं राहते. उद्या एखादा माणूस रक्तात विषाणू घेऊन उतरला, तर तिला नवं काही शिकावं लागणार नाही. म्हणून परत येताना विमानतळावर लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड बघतात.

"पण डासामुळे होतो हे शोधलं कुणी?" त्याचा पुढचा प्रश्न. वॉल्टर रीड, १९००, क्यूबा. एमबीबीएसला पाठ केलेलं उत्तर मी दिलं. तो गेला, आणि मला जाणवलं की या तीन शब्दांपलीकडे मला काहीच माहीत नाही. कसं शोधलं, कुणावर प्रयोग केले, कोण मेलं?

त्या रात्री जे शोधायला बसले, ते तीन वर्षं चाललं.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयात या विषयावरचा हजारो कागदांचा संग्रह आहे, आणि त्यातली असंख्य पत्रं घरबसल्या बघता येतात. रीड याच विद्यापीठातून १८६९ साली डॉक्टर झाला होता, वयाच्या सतराव्या वर्षी. पण संग्रह त्यानं केलेला नाही. तो केला फिलिप हेंच या डॉक्टरनं. हेंच मेयो क्लिनिकमधला संधिवाताचा तज्ज्ञ. कॉर्टिझोनच्या कामासाठी १९५० चं नोबेल मिळालेल्यांपैकी एक. आपण सांधेदुखीच्या रुग्णाला स्टेरॉईड लिहून देतो, त्यामागचा हा माणूस. पीतज्वराशी त्याचा व्यवसायानं काही संबंध नव्हता. तरी १९३७ पासून ओपीडी, वॉर्ड, संशोधन सांभाळून तो पत्रं लिहीत राहिला: क्यूबाच्या प्रयोगांतल्या हयात स्वयंसेवकांना, अधिकाऱ्यांना, मेलेल्यांच्या बायकांना, मुलांना.

मीही दिवसा ओपीडी करणारी. त्यामुळे रीडच्या आधी मला हेंचच जवळचा वाटला.

पहिली अडचण अक्षराची. शंभर वर्षांपूर्वीचं तिरकं, जोडून लिहिलेलं इंग्रजी, शाई पलीकडच्या बाजूनं उमटलेली. पहिल्या आठवड्यात एका पानाला मला दोन तास लागत होते. इथे माझे सासरे मदतीला आले. आप्पा मिरजेला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, सॉर्टर होते. चालत्या गाडीत, हलत्या दिव्याखाली, देशभरच्या हातांनी लिहिलेले पत्ते वाचण्यात त्यांची नोकरी गेली. त्यांनी भिंग घेतलं, पडद्यावर लावलं आणि म्हणाले, "सूनबाई, सगळं वाचायला जाऊ नकोस. आधी ओळखीचं गाव शोध. गाव सापडलं की त्यातली अक्षरं सापडतात, मग त्या अक्षरांवरून माणूस." मी 'हवाना' शोधलं. त्यातला 'व्ही' आणि 'एन' कळला, मग तेच 'एन' दुसऱ्या ओळींत दिसायला लागले. रोज रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं तासभर बसायचो. आप्पांना वैद्यक कळत नव्हतं, पण कुणाचं अक्षर कुठे थरथरलंय हे ते माझ्याआधी सांगायचे.

थोडी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर पुढचं लागणार नाही. जून १९०० मध्ये अमेरिकी लष्करानं चार डॉक्टरांचं मंडळ क्यूबात बसवलं: रीड, जेम्स कॅरोल, जेसी लाझियर आणि अरिस्तिदेस आग्रामोन्ते. डासाचा सिद्धांत मात्र त्यांचा नाही. हवानाच्या डॉ. कार्लोस फिनले यांनी तो १८८१ मध्येच मांडला होता, आणि प्रयोगासाठी डासांची अंडीही त्यांनीच या मंडळाला दिली. फिनलेंना जे सिद्ध करता आलं नव्हतं त्याचं कारण वेळेत होतं. रुग्ण पहिल्या दोन-तीन दिवसांतच डासाला विषाणू देतो, आणि डास चावण्यायोग्य व्हायला पुढे बारा दिवसांच्या आसपास लागतात. हेन्री कार्टर या डॉक्टरनं मिसिसिपीतल्या साथीत घराघरांतल्या तारखा मांडून मधला हा रिकामा काळ दाखवला होता. सगळं गुपित तारखांत होतं. आणि माझी सर्वांत मोठी चूकही तारखेचीच झाली.

लाझियरनं बायकोला, मेबेलला, लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात तो म्हणतो, मला वाटतं मी खऱ्या जंतूच्या मागावर आहे, पण इतक्यात काही बोलायचं नाही, सूचकसुद्धा नाही. मी कुणालाच सांगितलेलं नाही. हे पत्र मी वहीत उतरवून घेतलं आणि यादीतल्या अमेरिकी पद्धतीनं शेजारी तारीख टाकली: ९/८. महिन्याभरानं वही उघडली तेव्हा आपल्या सवयीनं वाचली: ९ ऑगस्ट. त्यावर मी एक आख्खा निष्कर्ष उभा केला, की कुणालाही संसर्गित डास चावायच्या आधीच लाझियरला उत्तर कळलं होतं. आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांसमोर मी व्याख्यान दिलं, त्यात हे ठासून सांगितलं.

नंतर एका रविवारी सगळ्या प्रती हॉलमध्ये फरशीवर तारखेनं मांडत होते. लाझियरचं पत्र कुठेच बसेना. मूळ पत्र पुन्हा उघडलं, तर ८ सप्टेंबर. म्हणजे कॅरोलनं स्वतःच्या हातावर डास चावून घेतला (२७ ऑगस्ट), तो मरणाच्या दारातून परतला, विल्यम डीन नावाच्या शिपायालाही डास चावून ताप आला, आणि त्यानंतर हे पत्र. माझा निष्कर्ष साफ उलटा होता. व्याख्यानाला आलेल्या प्रत्येकाला मी चूक कळवली. त्या दिवसापासून वहीत महिना अक्षरांनीच लिहिते.

पण त्याच फरशीवर मला एक गोष्ट दिसली, जी चूक झाली नसती तर दिसली नसती. लाझियरच्या पत्राच्या शेजारी रीडचं पत्र पडलं होतं, ७ सप्टेंबरचं. रीड तेव्हा वॉशिंग्टनमध्ये होता. कॅरोल वाचला अशी तार त्याला मिळाली आणि त्यानं कॅरोलला लिहिलं. सुरुवातच आनंदाच्या आरोळ्यांनी, मग देवाचे आभार. चाळीस उलटून गेलेला, शिस्तीचा लष्करी डॉक्टर शाळकरी मुलासारखा ओरडतोय. आणि पत्राच्या पाठीमागे एकच प्रश्न: डासानंच केलं का? मी तो कागद हातात धरून किती वेळ बसले होते, माहीत नाही. मित्र जगल्याचा आनंद एका बाजूला आणि हा प्रश्न दुसऱ्या बाजूला. प्रश्न पुढच्या बाजूवर लिहायला त्याचा हात धजला नसावा, असं मला वाटतं. डॉक्टर म्हणून मी हे ओळखते.

एक दिवसानंतर क्यूबातून लाझियर बायकोला लिहितोय, कुणाला सांगू नकोस. सतरा दिवसांनी, २५ सप्टेंबरला, तो पीतज्वरानं गेला. वय चौतीस. नुकत्याच जन्मलेल्या मुलीला त्यानं पाहिलंही नव्हतं.

त्याच्या नावानं नोव्हेंबरमध्ये छावणी उभी राहिली, कॅम्प लाझियर. तिथे चौदा बाय वीस फुटांची एक खोली होती, इमारत नंबर एक. खिडक्या बंद, आत मुद्दाम राखलेली उष्णता. पीतज्वराच्या रुग्णांच्या काळ्या उलटीनं, मलमूत्रानं माखलेल्या चादरी, अभ्रे, कपडे पेट्यांत भरून तिथे आणले. डॉ. कुक आणि दोन शिपाई रोज रात्री त्या पेट्या उघडून, ते कपडे झटकून, त्यांतच झोपले. वीस रात्री. तिघांपैकी कुणालाही ताप आला नाही. तोपर्यंत साथ आली की लोकांची अंथरुणं जाळत, सामान जाळत. मी कोविडच्या पहिल्या महिन्यांत बाजारातली भाजी सोडा घालून धुणारी बाई. त्या वीस रात्री मला नीट कळतात.

शेजारच्या इमारत नंबर दोनमध्ये मधोमध तारेची जाळी होती. एका बाजूला डास, दुसऱ्या बाजूला डास नाहीत, बाकी सगळं स्वच्छ. जॉन मोरन नावाचा स्वयंसेवक डासांच्या बाजूला जाऊन पडला आणि नाताळच्या दिवशी तापानं फणफणला. जाळीपलीकडचे ठणठणीत राहिले. मोरननं पैसे नाकारले होते.

पैसे घेणारे होते ते नुकतेच आलेले स्पॅनिश लोक. त्यांच्याशी केलेला करार संग्रहात आहे, स्पॅनिशमध्ये आणि इंग्रजीत. इंग्रजी मी वाचला, पण सही ज्यावर झाली तो स्पॅनिश मजकूर समजून घ्यायचा होता. शेजाऱ्यांची मुलगी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकत होती. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्या ओट्यावर बसली आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेली. वय पंचवीसच्या वर. प्रयोगानं जिवाला धोका आहे हे मान्य. पण या बेटावर राहून हा ताप टळणं नाहीतरी अशक्य, म्हणून चांगली शुश्रूषा मिळेल या भरवशावर तो मुद्दाम घेतो. शंभर डॉलर सोन्यात. ताप आला तर आणखी शंभर. छावणीची हद्द सोडली तर काही नाही.

"काकू, 'टळणं अशक्य' हे खरं होतं का?" तिनं विचारलं. अर्धंच खरं होतं. हवानात ताप होता, पण प्रत्येकाला होतोच असं नव्हतं. गरीब माणसाला सही करायला सोपं जावं म्हणून एक वाक्य जरा पुढे ढकललेलं. तरीही, धोका लिहून देऊन, माणसाच्या भाषेत मांडून, मग सही घेणं १९०० साली फार कुणी करत नव्हतं. आणि मी? एकतीस वर्षं नातेवाइकांपुढे संमतीपत्र ठेवून "इथे सही करा" म्हणत आले. फॉर्म इंग्रजीत. त्या दिवाळीनंतर मी आमचा फॉर्म मराठीत लिहून काढला. आता सही आधी मागत नाही, आधी वाचून दाखवते.

पत्रव्यवहार माझाही बराच झाला. ग्रंथालयाला मी मेल केली, पान पुसट आहे, त्यामागे दुसरं पान आहे का. उत्तर आलं, सौजन्यानं आणि नेमकं. दुसऱ्या एका ठिकाणी चार वेळा लिहिलं, एकदाही उत्तर नाही. हेंचची पत्रं वाचल्यावर त्याचं वाईट वाटेनासं झालं. तो म्हाताऱ्या माणसांना पानंच्या पानं प्रश्न पाठवायचा: कोण कुठे उभं होतं, खोलीचं दार कुठल्या दिशेला होतं. उत्तर आलं की त्यातून नवे प्रश्न. एकच प्रसंग तो चौघांना विचारायचा आणि जुळत नसलेली उत्तरंही जपून ठेवायचा. मोरन आणि किसिंजर या दोघा स्वयंसेवकांच्या आठवणी चाळीस वर्षांनी जागोजागी वेगळ्या होतात, आणि हेंच कुणालाही खोटं पाडत नाही. तो फक्त आणखी एक पत्र लिहितो. १९४० मध्ये तो क्यूबात गेला आणि ती इमारत नंबर एक त्यानं शोधून काढली. १९५२ मध्ये तिथे स्मारक झालं. त्याला या सगळ्यावर पुस्तक लिहायचं होतं. ते झालं नाही. १९६५ मध्ये तो गेला आणि पत्नीनं सगळे कागद विद्यापीठाला दिले.

एक धागा मला अचानक आपल्याकडे घेऊन आला. विषाणूवर काम करायला प्राणी मिळत नव्हता, आफ्रिकेतली माकडं आजारी पडत नव्हती. १९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेत भारतातल्या लालतोंड्या माकडांवर प्रयोग जमला. त्यातूनच पुढे मॅक्स थायलरची लस आली, जी नैरोबीवाल्या मुलानं टोचून घेतली. माकडांवरचं हे काम करणाऱ्यांपैकी एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी, १९२७ मध्येच, पीतज्वरानं गेले.

माझ्या वहीत एक पान अजून अर्धं आहे. १३ सप्टेंबर १९००. लाझियरला डास कसा चावला? त्यानं सहकाऱ्यांना सांगितलं, रुग्णालयात हातावर बसला, मी हाकलला नाही. पण नोंदवहीत त्याच दिवशी 'गिनी पिग नंबर एक'ला डास चावल्याची नोंद आहे, आणि तो गिनी पिग म्हणजे लाझियर स्वतःच असं मानणारे अभ्यासक आहेत. मी दोन रकाने आखलेत आणि दोन्ही तसेच ठेवलेत. हेंचनं तेच केलं असतं.

परवा रात्री आप्पांना हे वाचून दाखवलं. त्यांना गिनी पिगमध्ये रस नव्हता. त्यांनी विचारलं, "आणि त्या बाईचं काय केलं सरकारनं?" मी पान शोधलं. पुढे १९०८ मध्ये पेन्शन सव्वाशे डॉलरवर नेली. पण आधी मेबेलला मिळत होते महिना सतरा डॉलर, आणि मुलामागे दोन.

"मुलं किती?"

"दोन."

आप्पांनी बोटांवर मोजलं. "एकवीस," म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले.