तुम्ही विचारलंत म्हणून: कोणता सेन्सर बदलू?

"भाऊ, गाडी मधेच बंद पडते अन् थोड्या वेळानं आपोआप सुरू होते. स्कॅनर लावला तर काही दिसत नाही. कोणता सेन्सर बदलू?" नागपुरात ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान चालवायचं म्हणजे हा प्रश्न ठरलेला. एप्रिल लागला की तो वाढतो आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर दिवसभर हेच चालतं.

माझं उत्तर ऐकून बहुतेकांचं तोंड वाकडं होतं. सध्या कोणताच बदलू नका. आधी हे सांगा, बंद पडते कधी? इंजिन थंड असताना की तापल्यावर? सिग्नलला उभी असताना की वर्धा रोडवर पळत असताना? खड्ड्यात आदळली की? एसी लावला की? पहिल्या पावसानंतर सुरू झालं का हे? जो माणूस हे मोबाईलमध्ये टिपून आणतो, त्याचं अर्धं काम तिथेच झालेलं असतं. "कधीही पडते जी" म्हणणाऱ्याला मी आठवडाभर टिपणं करायला लावून परत पाठवतो. कधीही असं नसतं, आपलं लक्ष नसतं.

कामठीचे एक सर आले होते, जुनी पेट्रोल हॅचबॅक घेऊन. सकाळी शाळेत जाताना गाडी एकदम शहाणी. दुपारी सीताबर्डीच्या गर्दीत आली की गचके न देता, एकदम, बटण दाबल्यासारखी बंद. सावलीत अर्धा तास ठेवली की पुन्हा चालू. त्याआधी एका गॅरेजात थ्रॉटलचा सेन्सर, प्लग आणि कॉइल बदलून झालं होतं. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

तापल्यावर मेली आणि निवल्यावर उठली, की पहिला संशय क्रँक सेन्सरवर जातो, आणि तो रास्त आहे. हा सेन्सर इंजिनच्या खालच्या अंगाला, बऱ्याच गाड्यांत फ्लायव्हीलजवळ बसतो. जुन्या दोन पिनांच्या सेन्सरमध्ये केसासारख्या तांब्याच्या तारेची कॉइल असते. तार आतून तडकली की गरम होऊन सुटते, थंड झाली की पुन्हा टेकते. त्याचा सिग्नल गेला की पिस्टन कुठे आहे ते ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळत नाही, आणि बहुतेक जुन्या गाड्यांत ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम थांबतं. टॅकोमीटर, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणारा मीटर, असेल तर काट्याकडे बघा. गाडी गिअरमध्ये पुढे ढकलली जात असताना काटा धाडकन शून्यावर आला तर सिग्नल तुटलाय. काटा इंजिनच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला तर पेट्रोलच्या बाजूला, पंपाकडे आणि त्याच्या रिलेकडे बघा.

सरांची गाडी बंद पडू दिली आणि निवायच्या आत मीटर लावला. सेल्फ मारला तर स्कॅनरवर आरपीएम शून्य. म्हणजे सिग्नल नाही, हे पक्कं. सर म्हणाले, "मग टाका ना नवीन सेन्सर." पण सेन्सरच्या पिनांवर मीटर ठेवला तर रेझिस्टन्स सकाळी थंड इंजिनावर होता त्याच्या जवळपासच, गरमीनं वाढतो तेवढाच वाढलेला. कॉइल शाबूत. मग ईसीयूच्या कपलरकडून, म्हणजे वायरी जिथे खोचतात त्या प्लगकडून, तीच दोन टोकं मोजली, तर सर्किट उघडं, जोडणी तुटलेली. बिघाड मधल्या वायरीत होता.

हे काम डोळ्यांनी होत नाही, बोटांनी होतं. वायरिंग इंजिन माउंटजवळच्या पत्र्याच्या क्लिपमधून जात होतं. टेप सोडली आणि एकेक वायर दोन बोटांत धरून वाकवत गेलो. चांगली वायर वाकताना थोडी अडते. क्लिपपाशी एक वायर मात्र दोऱ्यासारखी लुळी पडली. हलकं ओढलं तर तिथलं प्लास्टिक रबरासारखं ताणलं गेलं. वरून आवरण धड, आत तांबं तुटलेलं. गरम झालं की टोकं दूर, थंड झालं की जवळ. तेवढा तुकडा कापून नवीन वायर जोडली, स्लीव्ह चढवली, जाळीचं आवरण परत नीट अर्थला बसवलं आणि क्लिपची धार घासली. सेन्सर जुनाच राहिला.

आता स्कॅनरचं. आपल्याकडे चारचाकींना ओबीडीचा, म्हणजे गाडीनं स्वतःचे बिघाड ओळखून नोंदवायच्या पद्धतीचा, पहिला टप्पा एप्रिल 2010 पासून आणि दुसरा एप्रिल 2013 पासून लागू झाला. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत कंपनीची स्वतःची पद्धत असते, बाजारातलं स्वस्त ब्लूटूथ यंत्र तिथे मुकं होतं. नव्या पद्धतीतही बरेचसे बिघाड गाडी चालवण्याच्या लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा पेटवत नाहीत. क्षणभर सिग्नल जाऊन परत आला तर स्कॅनरवर बिघाडाचा कोड उमटेलच असं नाही. आणि जो थोडाफार उमटलेला असतो, तो आमच्यातलेच काही जण बॅटरीचं टर्मिनल काढून पुसून टाकतात. कृपा करून ते करू देऊ नका.

कोडपेक्षा मला स्कॅनरवर दिसणारे सेन्सरचे चालू आकडे जास्त आवडतात. सकाळी सेल्फ मारण्याआधी नुसती किल्ली फिरवून इंजिनच्या पाण्याचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखी हवीत. पाण्याचा सेन्सर म्हणजे तापलं की रेझिस्टन्स कमी होणारा थर्मिस्टर. बऱ्याच गाड्यांत 20 अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास, 80 ला तीनशेच्या आसपास. वायर सुटली की स्कॅनर उणे 40 दाखवतो. मे महिन्यात नागपुरात उणे 40! काही गाड्यांत ईसीयू मात्र ते खरं मानून पेट्रोल ओतायला लागतो, म्हणून काळा धूर आणि गरम इंजिनावर सुरू न होणं. तिथेही आधी कपलर उघडून बघा. पिनेवर हिरवट पांढरी बुरशी असेल तर नवीन सेन्सरही तीच थाप मारणार.

अर्थिंग सगळ्यांत आधी तपासायला हवं, आणि सगळ्यांत शेवटी तपासलं जातं. सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिन यांच्यात अर्ध्या व्होल्टच्या वर फरक दिसला तर अर्थची पट्टी काढून घासा, मग पुढचं बोला.

एक भांडण मात्र नेहमीचं. वायरीच्या तुकड्याला पैसे लागत नाहीत, शोधायला लागतात, आणि शोधण्याचे पैसे द्यायला लोकांचा हात जड. बदललेला सेन्सर डब्यासकट हातात दिला की समाधान वाटतं, मग गाडी परत बंद पडली तरी चालेल.

तर गाडी आणायचीच असेल तर सकाळी दुकान उघडताना आणू नका. दुपारी दोनला आणा, एसी लावून, शक्य तितक्या गर्दीच्या रस्त्यानं. दारात बंद पडली तर उत्तमच. बोनेट उघडून ठेवू नका, इंजिन निवायला नको.