दोहाची वारी: तीन सामने, शून्य गोल

फुटबॉलच्या आशिया करंडकासाठी दोहाला निघालेल्या भारतीय प्रेक्षकांपैकी कोणीही चषकाची स्वप्नं पाहत नव्हतं. गटात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया. मागणं एवढंच होतं की सीरियाला हरवा आणि गटात तिसरे या. 24 संघ, 6 गट, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सहापैकी चार संघांना बाद फेरीत जागा. म्हणजे वाट अरुंद असली तरी उघडी होती.

पहिला सामना ऑस्ट्रेलियाशी, 13 जानेवारी 2024 ला, अहमद बिन अली स्टेडियममध्ये. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर शेवटचं स्टेशन अल रिफा, तिथे उतरायचं आणि चालत जायचं. एका फेरीचे 2 रियाल, दिवसभराचा पास 6 रियाल. सामन्याची तिकिटं 25 रियालपासून होती, म्हणजे साधारण 570 रुपये. सामना कतारच्या वेळेनुसार दुपारी अडीचला, आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे पाच. दुपारी ऊन सुखाचं असतं, पण जानेवारीत सूर्य कलला की वारा बोचतो. जाकीट हवंच.

35 हजारांहून जास्त लोक होते आणि आम्हाला तरी सगळीकडे निळाच रंग दिसत होता. सोळाव्या मिनिटाला उजवीकडून निखिल पुजारीचा क्रॉस आला, सुनील छेत्रीने झेपावून हेडर मारला आणि चेंडू खांबाबाहेरून गेला. तेव्हा आम्ही हळहळलो, पण ती संधी केवढी मोठी होती ते पुढच्या दोन सामन्यांनंतर उमगलं. मध्यंतरापर्यंत 0-0. पन्नासाव्या मिनिटाला आलेल्या क्रॉसला आपला गोलरक्षक गुरप्रीतचा हात लागला, पण चेंडू दूर गेला नाही. थेट जॅक्सन आयर्विनच्या पायाशी पडला. गोलरक्षकाने क्रॉस पेनल्टी क्षेत्राच्या कडेला, बाजूला फेकायचा असतो. मधोमध पडला की समोरच्याला फक्त पाय लावायचा उरतो. नंतर जॉर्डन बॉसने दुसरा गोल केला. 0-2. तरीही लोक टाळ्या वाजवतच बाहेर पडले, कारण बचाव बराच वेळ टिकला होता.

खरा धक्का 18 तारखेला, त्याच मैदानात. उझबेकिस्तानचा पहिला गोल चौथ्याच मिनिटाला, दुसरा अठराव्या आणि तिसरा मध्यंतराच्या तोंडावर. ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपल्या मधल्या फळीची आणि बचावाची अशा दोन ओळी एकमेकींना चिकटून होत्या. इथे पुढे जाऊन दाब द्यायच्या नादात त्यांच्यात अंतर पडत गेलं, आणि उझबेकिस्तानचा फैझुल्लाएव नेमका त्याच पोकळीत शिरत राहिला. वरच्या स्टँडमधून ही पोकळी अगदी स्पष्ट दिसते. (फुटबॉल समजून घ्यायचा असेल तर गोलमागचं स्वस्त तिकीट नको, बाजूच्या वरच्या रांगांचं घ्या.)

सीरियाचा सामना 23 ला, अल खोरच्या अल बैतमध्ये. तंबूच्या आकाराचं हे स्टेडियम देखणं आहे, पण दोहापासून लांब. मेट्रो तिथवर जात नाही. लाल मार्गाने लुसैलपर्यंत जायचं आणि पुढे शटल बस. अडीचचा सामना म्हणजे साडेअकरालाच शहरातून निघावं. परतताना बसच्या रांगेत किती वेळ जाईल सांगता येत नाही, म्हणून त्या रात्रीचं विमान धरू नये.

उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच आपला बचावपटू संदेश झिंगन जखमी होऊन बाहेर गेला. 76 व्या मिनिटाला सीरियाच्या ओमर ख्रिबिनने गोल केला, आणि सगळं संपलं. तीन सामने, शून्य गुण, शून्य गोल.

किती गुण पुरले असते याचं गणित हॉटेलवर मांडत होतो, पण उत्तर मिळायला आणखी दोन दिवस लागले. बाकीचे गट संपले तेव्हा इंडोनेशिया 3 गुणांवर आत गेला, चीन आणि ओमान 2-2 गुणांवर बाहेर. म्हणजे सीरियावर 1-0 असा एक विजय पुरला असता. आम्हाला आजही सलतं ते हेच. ऑस्ट्रेलियाकडून हरणं नव्हे.

आणि तो एक गोल करणार कोण होता? छेत्री 39 वर्षांचा. मनवीर, छांगते, गोव्याचा लिस्टन कुलासो हे क्लबमध्ये बहुतेक वेळा कडेने खेळतात, कारण इंडियन सुपर लीगमधले (आयएसएल) संघ मधल्या स्ट्रायकरच्या जागी परदेशी खेळाडू घेतात. गोलसमोर उभं राहून अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यायची सवय आठवड्याच्या सामन्यांतून लागते, शिबिरातून नव्हे. शिबिर तरी कुठे पुरेसं होतं? डिसेंबरअखेरपर्यंत लीग चालू, मग दोहात जेमतेम दोन आठवडे. अन्वर अली, जीक्सन आणि आशिक दुखापतींमुळे आलेच नव्हते. प्रशिक्षक स्टिमाच जास्त दिवस मागत होते आणि त्यांची ती मागणी रास्त होती. उझबेकिस्तानविरुद्धच्या मांडणीची चूक मात्र त्यांचीच.

पुढचा आशिया करंडक 2027 च्या जानेवारीत, सौदी अरेबियात. त्यासाठी पैसे बाजूला टाकायला सुरुवात झाली होती. मग 14 ऑक्टोबर 2025 ला पात्रता सामन्यात, गोव्यातल्या फातोर्ड्यात, मडगाव स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर, छांगतेने भारताला सिंगापूरविरुद्ध आघाडी मिळवून दिली. मग मध्यंतराआधी एक आणि नंतर एक, असे दोन गोल सिंगापूरच्या साँग उइ-यंगने केले. 1-2. सौदीची दारं तिथेच बंद झाली.