तीन-चार रात्रींसाठी बांधलेले जहाज

मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीपकडे जाणारे 'कॉर्डेलिया क्रूझेस'चे 'एम्प्रेस' हे जहाज २०२१ च्या सप्टेंबरात आपल्याकडे सुरू झाले आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोच अमली पदार्थविरोधी पथकाच्या छाप्यामुळे घराघरांत पोहोचले. त्या गदारोळात जहाजाचा पूर्वेतिहास विचारायला कुणाला सवड नव्हती. मला मात्र तो छाप्यापेक्षा कितीतरी रंजक वाटतो.

फ्रान्समधल्या सां-नाझेर येथील 'शांतिए द लातलांतिक' या गोदीत त्याची बांधणी सुरू झाली, ती 'ॲडमिरल क्रूझेस' या कंपनीसाठी आणि 'फ्यूचर सीज' या नियोजित नावाने. ही कंपनी 'रॉयल कॅरिबियन'मध्ये विलीन झाली आणि १९९० मध्ये जहाज 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून सेवेत आले. मायामीत त्याचे नामकरण गायिका ग्लोरिया एस्टेफान यांच्या हस्ते झाले. लांबी २११ मीटर आणि ग्रॉस टनेज ४८,५६३; हा आकडा वजनाचा नसून जहाजाच्या आतील जागेचे माप असतो, हे बातम्या लिहिणारे हमखास विसरतात.

त्याचे खरे वेगळेपण त्याच्या उद्देशात होते. मायामीहून बहामाजला जाणाऱ्या छोट्या सहलींवर तोवर प्रामुख्याने लांबच्या मार्गांवरून उतरवलेली जुनी जहाजे लावली जात. 'नॉर्डिक एम्प्रेस' मात्र शुक्रवारी निघून सोमवारी कामावर हजर होणाऱ्या माणसासाठी, म्हणजे तीन-चार रात्रींच्या सफरीसाठीच, आखले गेले. म्हणून केबिन आटोपशीर ठेवल्या आणि मोकळी जागा सगळ्यांच्या वावराला दिली: मधोमध अनेक मजले उंच चौक, तर मागच्या टोकाला दुमजली भोजनगृह, ज्याच्या उंच काचांतून जहाजाने मागे सोडलेला फेसाचा पट्टा दिसतो. काही केबिनमध्ये वरचे बिछाने भिंतीतून खाली ओढायचे असतात. चौघांचे कुटुंब तिथे रात्री झोपू शकते, पण दिवसा बसू शकत नाही. तुम्ही बाहेरच असावे, हाच त्या रचनेचा हेतू आहे.

२००४ मध्ये डागडुजीनंतर त्याचे नाव 'एम्प्रेस ऑफ द सीज' झाले आणि २००८ मध्ये ते 'पुलमान्तूर' या स्पॅनिश कंपनीकडे गेले. २०१६ मध्ये रॉयल कॅरिबियनने ते परत घेतले, पण मुदपाकखाना आणि कोठारांचे काम इतके निघाले की सुरुवातीच्या काही सफरी रद्द कराव्या लागल्या. एवढा खटाटोप वाढीव आकाराच्या नव्या जहाजांच्या जमान्यात कशासाठी? उत्तर होते क्यूबा. हवानाच्या बंदरात अवाढव्य जहाजांचा निभाव लागत नव्हता, हे मध्यम जहाज मात्र तिथे सहज लागत असे. २०१७ च्या एप्रिलमध्ये ते कंपनीचे क्यूबाला जाणारे पहिले जहाज ठरले. २०१९ च्या जूनमध्ये अमेरिकन सरकारने अशा सफरींवर बंदी घातली आणि तो मार्ग एका झटक्यात बंद झाला.

तरीही ते परत घेणे जहाजाच्या पथ्यावरच पडले. करोनाकाळात पुलमान्तूर दिवाळखोरीत निघाली आणि त्याच सां-नाझेरच्या गोदीत बांधलेली, त्याच्याहून मोठी 'सॉव्हरिन' आणि 'मोनार्क' ही तिची जहाजे २०२० मध्ये तुर्कस्तानातल्या अलियागा येथे भंगारात निघाली. त्याच वर्षी आपल्याकडची 'कर्णिका'ही अलंगच्या किनाऱ्यावर चढवली गेली. तीसुद्धा १९९० चीच, एके काळची 'क्राऊन प्रिन्सेस', टनेजमध्ये 'एम्प्रेस'च्या जवळपास दीडपट. २०२० च्या डिसेंबरमध्ये 'एम्प्रेस' विकले गेले, पण भंगारवाल्याला नव्हे.

मुंबईच्या उतारूंशी त्याचे चांगले जमले, याचे मला नवल वाटत नाही. आपल्याकडे आठवड्याची रजा काढून समुद्रावर जाणारे थोडे. शनिवार-रविवारला एखादी सुटी जोडणारेच फार. त्यामुळे मायामीच्या नोकरदारासाठी काढलेला नकाशा बोरिवली-ठाण्याच्या कुटुंबालाही लागू पडतो. बदलले ते मुख्यतः स्वयंपाकघर: आता तिथे जैन जेवणाचीही सोय असते आणि बुफेसमोरची रांग पाहून लग्नाच्या पंगतीत आल्यासारखे वाटते. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो, तेव्हा हे जहाज पूर्व किनाऱ्यावर हलवले जाते. २०२२ पासून त्याने चेन्नईहूनही सफरी केल्या आणि पुढच्याच वर्षी ते श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदरापर्यंत जाऊन आले.